पाहुणा मुक्कामाचा की जाऊन-येऊन? लहान फ्लॅटमधल्या उंदराचा बंदोबस्त

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला भाड्याचा वन बीएचके, दुसरा मजला, घरात नवरा-बायको आणि दीड वर्षाचं मूल. दहा दिवसांपासून रात्री अकरानंतर ओट्याखाली खुडबुड. बटाट्यांना दात लागलेत, बेसिनवरचा साबण कुरतडलाय. गम पॅड तीन रात्री ठेवला, त्यावर एक पाल आणि चार झुरळं मिळाली. शेजारच्या काकू म्हणतात, औषधाच्या वड्या टाका. घरमालक म्हणतात, चालायचंच. काय करावं?

वड्या टाकू नका, कारण पुढे येईलच. आणि नवा पिंजरा आणायला आजच मारुती चौकात धावू नका. आधी एकच गोष्ट ठरवायची आहे: हा पाहुणा तुमच्या घरात मुक्कामाला आहे, की रात्री जेवायला येऊन पहाटे परत जातो? दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. मुक्कामी उंदराला सापळ्यात धरावं लागतं. जाऊन-येऊन असलेल्याची वाट बंद केली की काम संपतं, धरायची गरजच पडत नाही. लोक हे न ठरवता पॅड, पिंजरा, गोळ्या सगळं एकदम सुरू करतात आणि महिनाभरानं उंदीर फार हुशार आहे म्हणून हात टेकतात.

आधी लेंड्या बघा. फ्रिजच्या मागं, ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढून त्यांच्या खाली, सिलिंडरच्या मागं टॉर्च मारा. तांदळाच्या कणीएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटरच्या, टोकदार आणि सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर ती लहान घरउंदरी. वजन १५ ते २५ ग्रॅम, शेपूट साधारण अंगाएवढी. एक उंदरी दिवसाला पन्नासहून अधिक लेंड्या टाकते, त्यामुळे लेंड्या भरपूर दिसल्या म्हणजे उंदीरही भरपूर असं समजू नका. लेंडी सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी असेल तर तो मोठा घरउंदीर, ज्याची शेपूट अंगापेक्षा लांब असते. तो पाइपवरून, केबलवरून सर्कशीतल्यासारखा चढतो. दुसरा मजला त्याला काहीच नाही. बटाट्यावरच्या दातांच्या खुणाही सांगतात: दोन दातांची जोडी मिळून एक-दोन मिलिमीटरची बारीक खरवड असेल तर उंदरी, चांगली चार मिलिमीटरची खाच असेल तर मोठा.

चिक्-चिक् आवाज करत भिंतीला घासून पळणारं, लांब नाकाचं आणि उग्र वासाचं काही दिसलं, तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच. ती किडे आणि झुरळं खाते, बटाट्याला तोंड लावत नाही. दुसऱ्या मजल्यावर ती सहसा येत नाही, तळमजल्याच्या गटारात रमते. दिसलीच तर केराच्या डब्याखाली झाकून बाहेर सोडा.

साबण का खाल्ला, असं सगळे विचारतात. साबणात चरबी किंवा तेल असतं, उंदराला ते खाद्यच. देवघरातली तेला-तुपाची वात पळवतो तीही त्याचसाठी. ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पेटती वात ओढत नेऊन कपाटामागं टाकली तर आग लागते. उंदीर जाईपर्यंत रात्री निरंजन विझवून, वात काढून, डबीत बंद करून झोपा.

आता मुक्काम की येणं-जाणं. ओट्याखाली सिंकचा वेस्ट पाइप भिंतीतून जिथं बाहेर जातो, त्या भोकाकडे बघा. बहुतेक फ्लॅटमध्ये पाइप दोन इंची आणि भोक तीन-चार इंची असतं. प्लंबर पाइप घालतो, कडेची पोकळी तशीच ठेवतो, आणि समोर ट्रॉल्या बसल्या की ती कुणाला दिसत नाही. अशी जी जी भोकं सापडतील (वॉशिंग मशीनचा आउटलेट, एसीचा तांब्याचा पाइप, बाथरूमच्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट फॅन, नहाणी ट्रॅपची हरवलेली जाळी, मुख्य दाराखालची फट) त्या प्रत्येकात संध्याकाळी वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. समोर काळ्या कागदाचा वीतभर तुकडा ठेवून त्यावर टाल्कम पावडर फुंकरीनं उडेल इतकी पातळ भुरभुरवा. जाड थर दिला तर उंदीर टाळतो आणि ठसाही उमटत नाही.

सकाळी बोळा घरात, फरशीवर पडलेला दिसला आणि पावडरीत बोटांचे ठसे घराच्या दिशेला असतील, तर स्वारी बाहेरून आली. बोळा जागचा हलला नाही, पण फ्रिजमागच्या पावडरीत पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ उठलीय, तर ती घरातच राहते. बोळा कुरतडून तुकडे आत ओढून नेलेले असतील, तर ती घरटं बांधतेय, म्हणजे पिल्लांची तयारी. हे दोन-तीन रात्री करा. फार तर आठवडा उशीर होईल, पण पुढची धडपड निम्मी होते.

मुक्कामी उंदरीचं घर फ्लॅटमध्ये कुठं असतं, याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली फ्रिजच्या मागं, कॉम्प्रेसरपाशी. ऊब असते, वर पाणी साठायचा ट्रे असतो, आणि महिनोन्‌महिने कुणी हात घालत नाही. दुसरी वॉशिंग मशीनच्या पोटात. कित्येक मशीनना खालून तळच नसतो. मशीन अचानक बंद पडलं तर तिरकं करून आतल्या वायरी बघा. तिसरी माळ्यावर, जुन्या गाद्या आणि पुठ्ठ्यांच्या खोक्यांत. चौथी गॅस शेगडीखाली किंवा ट्रॉलीच्या शेवटच्या कप्प्यामागं, जिथं पिशव्यांचा गठ्ठा कोंबलेला असतो.

अन्नाचं गणित समजून घ्या. उंदरीला दिवसाला तीनेक ग्रॅम पुरतात. शेगडीखाली सांडलेले भाजणीचे कण, कणकेच्या डब्याभोवतीचं पीठ, मुलाच्या खुर्चीखालचा चुरा, एवढ्यात तिचं जेवण उरकतं. म्हणून ‘आमच्याकडे सगळं झाकलेलं असतं’ हे बहुतेक वेळा अर्धसत्य असतं. रात्री नऊनंतर शेगडी उचलून खाली ओल्या फडक्यानं पुसणं, खरकटी भांडी न ठेवणं, केराच्या डब्याला घट्ट झाकण, हे तीन नियम रोज पाळा. गहू-तांदळाची वर्षाची बेगमी प्लास्टिकच्या पोत्यात असेल तर ती आधी पत्र्याच्या कोठीत भरा. पाण्याचा फरक इथं महत्त्वाचा. लहान उंदरी अन्नातल्या ओलाव्यावर तगून राहते, त्यामुळे नळाची गळती थांबवून ती जात नाही. मोठ्या उंदराला मात्र रोज पाणी लागतं. त्याच्यासाठी सिंक कोरडं ठेवणं, बादली झाकणं, फ्रिजचा ट्रे रिकामा करणं हा खरा उपाय आहे.

भोकं बुजवताना बहुतेकांची चूक एकच होते. कापूस, चिंधी, थर्माकोल, किंवा नुसता फोम. फोम वाळून टणक दिसतो, पण उंदराला तो पावासारखा. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं. तुमच्या भिंतीवर राग असतो म्हणून नव्हे. पीओपीही भिजल्यावर पोखरलं जातं. करायचं असं: हार्डवेअरच्या दुकानातून भांडी घासायच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या घासण्या आणा. साधी लोखंडी नको, ओट्याखाली ओल असते, गंजून भुगा होतो. घासणी ओढून सैल करा आणि पाइपभोवतीच्या पोकळीत स्क्रू ड्रायव्हरनं घट्ट ठोसून बसवा, इतकी की बोटानं ओढून निघू नये. त्यावर एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक वाळू असा माल बोटभर जाड थापा. जुने गवंडी या मालात काचेचा चुरा घालायचे. तारेची घासणी असल्यावर त्याची गरज नाही, आणि घरात लहान मूल असताना काचेचा उद्योग नकोच.

हे काम सकाळी करा. संध्याकाळी थापलेला ओला माल उंदीर रात्रीतून उकरून टाकतो आणि दोष सिमेंटला जातो. भाड्याच्या घरात तोडफोड नको असेल तर लहान फटींना एम-सीलसारखं दोन भाग मळून लावायचं लांबी-मटेरियल पुरतं. तासा-दीड तासात कडक होतं, पण त्याच्याही आत तार हवीच.

किती लहान भोक बुजवायचं? उंदरीचं डोकं गेलं की अंग जातं, आणि डोकं शिसपेन्सिलीच्या जाडीच्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या भोकातून जातं. सोपी कसोटी: पेन्सिल आत गेली, तर उंदरीही जाते. मोठ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक लागतं. मुख्य दाराखाली पेन्सिल सरकत असेल तर सुताराकडून ॲल्युमिनियमची रबर लावलेली पट्टी बसवून घ्या. नुसती ब्रशची पट्टी मोठा उंदीर कुरतडतो. खिडकीला डासांची नायलॉनची जाळी असेल तर तिचा खालचा कोपरा तपासा, उंदीर पहिल्यांदा तिथंच दात लावतो. एक्झॉस्टला आणि डक्टच्या (पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या) खिडकीला पाव इंची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची जाळी, लावा. अर्धा इंची लावाल तर उंदरी त्यातून सरळ आत येईल.

भोकं बुजवण्याची वेळ पाहुण्यावर ठरते. जाऊन-येऊन असेल तर दिवसा, तो बाहेर असताना, सगळं एकदम बंद करायचं. घर लहान असल्यामुळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुढच्या तीन रात्री पावडर कोरी राहिली, की संपलं. घरी मुक्काम असेल तरीही भोकं बुजवायचीच, पण त्याच रात्री सापळे मांडलेले हवेत. नाहीतर कोंडलेला उंदीर दाराची चौकट नाही तर सोफा फोडतो.

सापळ्यात सगळ्यांचा गोंधळ होतो तो संख्येवर. एक पिंजरा आणून भाकरीचा तुकडा लावून वाट बघत बसायचं, ही पद्धत मोठ्या उंदराच्या काळातली. लहान उंदरी एका जागी बसून जेवत नाही. रात्रभरात वीस-तीस ठिकाणी तोंड लावत फिरते. घरट्यापासून तिची फेरी बहुतेक तीन ते दहा मीटरची. म्हणून वन बीएचकेला पहिल्याच रात्री सहा चाप मांडा: तीन ओट्याखाली, दोन फ्रिजमागं, एक माळ्यावर. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला चिकटून. उंदीर मिशा भिंतीला लावूनच चालतो, खोलीच्या मधोमध ठेवलेला चाप त्याला दिसतही नाही. आमिष वाटाण्याएवढं. मोठा तुकडा लावला तर कडेनं खाऊन जातो, चाप उडतच नाही. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र मळून खटक्यावर दाबून बसवा. किंवा बेदाणा दोऱ्यानं खटक्याला बांधा, म्हणजे तो ओढावा लागतो. सांगलीत बेदाण्याला काय तोटा. पिल्लांची तयारी चाललेली असेल तर आमिषाबरोबर कापसाची छोटी बोंडीही बांधा, तिला खाण्यापेक्षा कापूस जास्त हवा असतो.

मोठा उंदीर याच्या अगदी उलट. तो नव्या वस्तूला भितो. काल नसलेला पिंजरा आज दिसला की दोन-चार दिवस वळसा घालतो. म्हणून त्याच्यासाठी पिंजरा तीन-चार रात्री दार बांधून उघडा ठेवायचा, आत सुकट किंवा तेलात तळलेला भाकरीचा तुकडा रोज ताजा. आमिष सलग दोन रात्री गायब झालं, की तिसऱ्या रात्री खटका लावायचा. पहिल्याच रात्री लावून तो नुसता निसटला, तर पुढं कित्येक आठवडे त्या पिंजऱ्याकडे फिरकणार नाही.

मूल रांगतं-चालतं आहे, म्हणून चाप उघडा ठेवू नका. बुटाचं खोकं उपडं घालून दोन्ही टोकांना, भिंतीच्या बाजूला, तीन सेंटीमीटरचं भोक पाडा आणि चाप आत ठेवा. उंदराला झाकलेली जागा आवडतेच. खोक्यावर पाण्यानं भरलेली बाटली ठेवली की मुलाला सहज उलटवता येत नाही. सकाळी उठल्याबरोबर सगळे चाप उतरवून ठेवायचे.

गम पॅड फेकून द्या. पहिलं म्हणजे ओट्याखालच्या धुळीनं आणि तेलकट वाफेनं तो दोन दिवसांत निकामी होतो. दुसरं म्हणजे त्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो. भारतीय पशु कल्याण मंडळानं या पॅडविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. पाल अजून जिवंत असेल तर खायच्या तेलाचे थेंब चिकटलेल्या पायांवर सोडा, पाच मिनिटं थांबा, हळूच सुटते.

आता काकूंच्या वड्या. बाजारात मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या वड्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के असतं. त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर तीन ते सात दिवसांनी मरतो. ‘तहान लागून बाहेर जाऊन मरतो’ ही निव्वळ समजूत आहे. तो मरतो तो भिंतीच्या पोकळीत, ट्रॉलीमागं नाही तर माळ्यावर, आणि मग आठवडा-दोन आठवडे त्या वासासकट जेवायचं. ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचा तर विचारही करू नका. ती यकृत निकामी करते, तिच्यावर उतारा नाही, आणि पोटात गेल्यावर पहिला दिवस माणूस बरा दिसतो, तिथंच घात होतो. शेतात वापरायची झिंक फॉस्फाइडची काळपट पावडर ‘गावाकडून आणली’ म्हणून घरात ठेवणारे आहेत. ती पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते. मुलानं यातलं काहीही तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता वेष्टनासकट सांगली सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय गाठा. वेष्टन यासाठी, की ब्रोमाडिओलोनला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, फॉस्फरसला नाही, आणि डॉक्टरांना ते लगेच कळायला हवं.

अल्ट्रासॉनिक यंत्रावर पैसे घालू नका. आवाज फ्रिज-कपाटाच्या पलीकडे जात नाही आणि चार दिवसांत उंदराला सवय होते. डांबरगोळ्या स्वयंपाकघरात नकोत, लहान मुलाच्या घरात तर अजिबात नाही. हळद टाकून उंदीर जातो म्हणणाऱ्यांनी मार्केट यार्डात जाऊन हळदीच्या गोदामातले उंदीर मोजावेत. आणि मांजर घरमालकांनीच पाळावं.

एक तपासणी आजच करा. शेगडीची नळी. भगव्या सुरक्षा नळीत तारेची वीण असते, म्हणून ती टिकते, पण तिचीही मुदत पाच वर्षंच, तारीख नळीवर छापलेली असते. साधी रबरी नळी असेल तर उंदीर जाईपर्यंत वाट न बघता बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन.

लेंड्या झाडूनं झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून दहा मिनिटं भिजू द्या, कागदानं पुसून पिशवीत बांधा. भिंतीकडेची चालायची वाटही पुसा, मुताच्या वासानं पुढचा उंदीर त्याच रस्त्यानं येतो. पायाला जखम असताना अनवाणी हे करू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) मुतातूनच येतो. चावलाच, तर पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुऊन डॉक्टरकडे.

आता इमारतीचा भाग, कारण एकट्या फ्लॅटनं हे कायमचं सुटत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांकडे सरकू लागलं, की गावभाग-मारुती चौकातल्या बिळांत आणि गटारात पाणी शिरतं आणि तिथला उंदीर उंचावर सरकतो. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. विश्रामबाग तुलनेनं उंचावर आहे, पण पावसाळ्यात तुंबलेलं गटार एवढंच निमित्त उंदराला पुरतं. तो चढतो तो डक्टमधून, चार इंची पाइपाला धरून. म्हणून सोसायटीला सांगायचं ते हे: डक्टचा तळ साफ करून दार लावा, गच्चीवरच्या व्हेंट पाइपांना जाळीच्या टोप्या बसवा, चेंबरची फुटकी झाकणं बदला, तळमजल्यावरच्या दुकानाचा माल जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवायला लावा. विष टाकायचंच असेल तर ते इथं, तळाशी, कुलपाच्या पेटीत, परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. घरमालकांकडून वेल्डमेश आणि सिमेंटचा खर्च मागायला हरकत नाही; भिंतीतलं भोक त्यांचं आहे.

चापात सापडलेला उंदीर पिशवीत दुहेरी बांधून घंटागाडीत द्या. पिंजऱ्यातला जिवंत असेल आणि बाप्पाचं वाहन म्हणून मारवत नसेल, तर सोडायचा तो इमारतीच्या कोपऱ्यावर नव्हे, तिथून रात्रीत परत येतो. दूर सोडलेला घरउंदीर बहुतेक जगत नाही हेही खरं आहे, तेव्हा सोडून पुण्य मिळतं असं मानू नका. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवण्याची जुनी रीत मात्र सोडा, ती अघोरी आहे.

शेवटचा उंदीर धरला त्या दिवशी चाप उचलू नका. मादीचे गाभणपणाचे दिवस एकोणीस ते एकवीस, त्यामुळे त्या आधीची पिल्लं बाहेर पडायला तीन-चार आठवडे लागू शकतात. महिनाभर दोन चाप ओट्याखाली राहू द्या, आठवड्यातून एकदा पावडर टाकून बघा. फ्रिज परत जागेवर लावताना मागं चार बोटं जागा सोडा, म्हणजे टॉर्च आत जातो.